आई केअर सेंटरमध्ये गप्प झाली आहे: मानसिक छळ ओळखायचा कसा आणि पुढे करायचं काय

प्रश्न थोडक्यात असा. आई ८१ वर्षांची, डिमेन्शिया मधल्या टप्प्यातला. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका केअर सेंटरमध्ये वर्षभर आहे. दोन महिन्यांपासून बोलेनाशी झाली आहे, आणि तिथल्या मदतनीसांपैकी एक ठरावीक मावशी खोलीत आली की पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेते. अंगावर वळ नाही, खरचटलेलं नाही. सेंटरवाले म्हणतात, 'आजार वाढलाय, असं होतंच.' मुलीला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा छळ असू शकतो का? आणि तक्रार केली तर त्याचा राग आईवर निघेल का?

छळ असू शकतो. आजारही वाढलेला असू शकतो, आणि दोन्ही एकाच वेळी चालू असू शकतं. डिमेन्शियामुळे आलेलं गप्पपण सहसा माणूस बघून येत नाही. सगळ्यांशीच बोलणं हळूहळू आटतं. एकाच व्यक्तीसमोर, एकाच पाळीत किंवा एकाच कामाच्या वेळी माणूस आखडत असेल, तर कारण आजाराच्या बाहेर शोधायला हवं. म्हणून तुमच्या वर्णनात आईच्या गप्प होण्यापेक्षा मला ते पांघरूण जास्त महत्त्वाचं वाटतं. तारखा आणि वाक्यं विसरली तरी भीती लक्षात राहते. कोण, काय, कधी हे सांगता न येणारं माणूसही त्या व्यक्तीचा आवाज ओळखून दचकतं.

हे दुर्मीळ आहे असंही समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने एकत्र केलेल्या आकडेवारीनुसार अशा संस्थांत राहणाऱ्या वृद्धांपैकी सुमारे ३३ टक्क्यांनी वर्षभरात मानसिक छळ झाल्याचं सांगितलं आहे. संस्थांतल्या कर्मचाऱ्यांपैकी दर तिघांतल्या दोघांनी वर्षभरात आपल्या हातून कुठल्या ना कुठल्या प्रकारची गैरवागणूक झाल्याचं स्वतःच मान्य केलं आहे.

छळ म्हटलं की आरडाओरडा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात तो रोजच्या कामात मिसळलेला असतो, आणि भेटीच्या वेळेत दिसत नाही. पहाटे साडेपाचचा डायपर बदल घ्या. दिवसपाळी यायच्या आत रात्रपाळीला सगळ्यांचं आवरून द्यायचं असतं. ट्यूबलाइट एकदम लागते, पांघरूण ओढलं जातं, दार उघडंच असतं. कूस वळवताना एक शब्द नाही, किंवा मग 'परत केलंस का घाण?' आईच्या बाजूने पाहा: गाढ झोपेतून जाग येते ती कुणीतरी आपले कपडे काढतंय म्हणून. ती हात झटकते. रजिस्टरमध्ये नोंद होते, 'आजी मारतात'. पुढच्या राउंडला डॉक्टर ती नोंद वाचून झोपेची गोळी वाढवतात. घरच्यांपर्यंत पोचतं ते एवढंच, की आई हल्ली मारते आणि दिवसा झोपून असते.

हेच काम नीट करायचं तर आधी छोटा दिवा, नावाने हाक, 'काकू, कपडे बदलूया का?' एवढं वाक्य, दहा-पंधरा सेकंद थांबणं, दार लोटणं, आणि जेवढं उघडायला हवं तेवढंच उघडणं. दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. ती मिनिटं व्यवस्थापनाने पाळीच्या वेळापत्रकात धरलेली नसतात, म्हणून दोष एकट्या मावशीवर टाकून प्रश्न सुटत नाही. पण वेळ कमी होता म्हणून 'घाण' हा शब्द तोंडातून यावा, असंही नाही.

याखेरीज काय काय मोडतं यात? धमकी: 'गप्प बस, नाहीतर मुलीला सांगेन येऊ नको म्हणून', 'आज चहा नाही'. नावाऐवजी 'ए म्हातारे' किंवा खोलीचा नंबर. चारचौघांत डायपरवरून हसणं. नक्कल करणं. बेल वाजवली की मुद्दाम उशिरा येणं, किंवा बेलची दोरी गादीमागे सरकवून ठेवणं. फोन 'चार्जिंगला आहे' म्हणून दिवसेंदिवस न देणं. चष्मा, ऐकायचं मशीन, कवळी, वॉकर, जपमाळ हाताला लागणार नाही असं ठेवणं. शाकाहारी माणसाच्या ताटात मुद्दाम नको ते वाढून मजा बघणं. आणि सगळ्यांत लक्षात न येणारं: तासन् तास कुणीही एक शब्द न बोलणं. सगळं अंग पुसून झालं, भरवून झालं, पण माणसाशी कुणी बोललंच नाही, हा प्रकार चकचकीत सेंटरांतही सर्रास चालतो.

छळ करणारे नेहमी कर्मचारीच असतात असंही नाही. जेवणाच्या टेबलावर 'ही जागा माझी' म्हणून नव्या आजींना रोज उठवणारे दुसरे रहिवासी असतात. आणि घरचेही असतात. 'फ्लॅटच्या कागदावर सही कर, मगच पुढच्या महिन्यात भेटायला येईन' हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं तरी तो छळच.

एक भेद मात्र सांगायला हवा. बारा तासांच्या ड्यूटीनंतर एखादी मावशी एकदा चिडून बोलली, तर तो सुपरवायझरशी बोलून सुधारायचा विषय आहे. पण जेवण, संडास-लघवी, औषध किंवा घरच्यांची भेट यांची धमकी एकदाच दिली असली तरी तो छळ धरावा. या चारही गोष्टींसाठी आई पूर्णपणे दुसऱ्यांच्या हातात आहे, आणि धमकी देणाऱ्याला ते माहीत असतं.

आधी तब्येत तपासून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका

वागण्यात बदल दोन-चार दिवसांत अचानक आला असेल, तर पहिला संशय डिलिरियमचा, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक आलेल्या गोंधळाचा घ्यावा. लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, सोडियम उतरणं, नवी गोळी, दुखणं या सगळ्यांनी वृद्ध माणूस गोंधळतो, घाबरतो, नाहीतर एकदम मलूल पडतो. एक-दोन दिवसांत ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, साखर, लघवीची तपासणी आणि सोडियम-पोटॅशियम करून घ्या. कानात मळ साचलाय का आणि ऐकायच्या मशीनची बॅटरी चालू आहे का, हेही बघा. ऐकू न येणारा माणूस गप्पच राहतो. नैराश्यासाठी १५ प्रश्नांची वृद्धांची प्रश्नावली असते. तिच्यात ५ किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. डिमेन्शिया बराच पुढे गेला असेल तर ती भरवशाची राहत नाही, तेव्हा सोबत राहणाऱ्यांच्या निरीक्षणावर आधारलेली तपासणी करतात. डिमेन्शियात 'माझ्या बांगड्या चोरल्या' असे भ्रमही होतात, हे खरं आहे. पण 'भ्रमच असणार' म्हणून प्रत्येक तक्रार बाजूला सारली जाते आणि नेमकं याच आडोशाने छळ चालू राहतो. भ्रम आहे असं मानण्याआधी कपाट उघडून बघा.

औषधांचा तक्ता मागून घ्या आणि तीन महिन्यांपूर्वीच्या तक्त्याशी ताडून पाहा. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, लोराझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधांपैकी काही नव्याने आलंय का, मात्रा वाढलीय का, पुढे 'गरजेनुसार' लिहिलंय का? 'गरजेनुसार' लिहिलेली गोळी रात्री कुणी, किती वाजता, कशासाठी दिली याची नोंद असायलाच हवी. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल या गटातल्या औषधांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ पासून (हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांसाठी २००८ पासून) दिलेला आहे. तरी कुठलीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून कारण लिहून घ्या. वजनही बघा. महिन्याभरात ५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलो वजन उतरलं असेल, तर कुणीतरी लगेच लक्ष घालायला हवं.

बघायचं कसं, विचारायचं कसं

रविवारी अकराला जाणाऱ्यांना आंघोळ घातलेली, पावडर लावलेली आई भेटते. तीन-चार वेगळ्या वेळा साधा: सकाळी साडेसात, दुपारचं जेवण, संध्याकाळी सहा-साडेसहा (डिमेन्शियात याच वेळी अस्वस्थता वाढते), रात्री आठ. भेटीच्या वेळेचा नियम पुढे केला तर 'आईला भरवायला येते' असं सांगा. त्यालाही सतत नकार मिळत असेल तर ती नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. आत गेल्यावर आधी बेल हाताला लागते का बघा, मग पाण्याचा ग्लास, चष्मा, दार. शेजारच्या खाटांवरच्या आजींनाही नमस्कार करा. त्यांना बरंच ठाऊक असतं.

आईशी बोलताना खोलीत कुणी कर्मचारी नको. बागेत किंवा गच्चीवर न्या, ऐकायचं मशीन लावा, डोळ्यांच्या पातळीला बसा. 'ती मावशी ओरडते का गं?' असं विचारू नका. होकार आला तरी तो तुमच्या शब्दांना आलेला असतो, आणि पुढे चौकशीत त्याला किंमत राहत नाही. 'रात्री कोण असतं तुझ्याजवळ?', 'आंघोळ कोण घालतं? कशी घालते?', 'इथे कोण आवडतं?' असे प्रश्न चालतात. मग गप्प बसा आणि उत्तराला वेळ द्या. ती काही बोललीच, तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. दर भेटीत तेच खोदून विचारलं तर तिची भीती वाढते आणि आठवणीही मिसळतात. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. 'तुला त्रास होणार नाही असं बघते' एवढं म्हणा.

एक वही करा. नोंद अशी असावी: 'मंगळवार, तारीख, संध्याकाळी ६.४०. अमुक मावशी आत आल्या. आईने पांघरूण ओढलं, डोळे मिटले. मावशी: "आता का झोपता? मुलगी आली की नाटकं." आई १० मिनिटं बोलली नाही. मावशी गेल्यावर पाणी मागितलं. समोरच्या खाटेवरच्या आजी हजर.' 'मावशी उद्धट आहेत' ही नोंद नाही, ते मत झालं. दोन आठवड्यांच्या अशा नोंदींत पाळी आणि माणूस आपोआप उघडा पडतो.

छुपा कॅमेरा लावावा का, हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. खोलीत दुसरं कुणी राहत असेल तर लावू नये. त्या माणसाचे कपडे बदलतानाचं चित्रण तुमच्या फोनमध्ये येणार, तो त्यांच्यावर अन्याय, आणि तुमचीही बाजू लंगडी पडेल. स्वतंत्र खोली असेल तर आईची संमती (तिला समजत असेल तर) आणि सेंटरचा करार दोन्ही बघून ठरवा. कॉरिडॉरचा सीसीटीव्ही बहुधा असतो. त्याचं रेकॉर्डिंग बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, म्हणून 'अमुक तारखेचं, अमुक वेळेतलं जपून ठेवा' अशी ईमेल त्याच दिवशी टाका. फोनवर काही रेकॉर्ड झालं असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीवर शंका घेणं सोपं जातं.

दोन आठवडे थांबायचं नाही अशा वेळा

आई जेवण-पाणी सोडत असेल, 'मला मरायचंय' म्हणत असेल, कोंडून किंवा बांधून ठेवलेली सापडली, अंगावर मार दिसला, किंवा इतकी गुंगीत आहे की हाक मारून उठत नाही, तर वही बाजूला ठेवा. ११२ वर फोन करा, तिला हॉस्पिटलमध्ये न्या आणि डॉक्टरांना 'छळाचा संशय आहे, केस पेपरवर लिहा' असं स्पष्ट सांगा. मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर समुपदेशक लगेच बोलतात.

व्यवस्थापनाशी बोलणं

एवढी तातडी नसेल तर पहिली पायरी हीच. त्या मावशीला खोलीतच जाब विचारू नका. तुम्ही घरी जाल, आई तिथेच राहील. मालक किंवा मेट्रन यांची भेट ठरवून घ्या, शक्यतो दोघं जा, वहीतल्या दोन-तीन ठोस नोंदी सांगा. शेजारच्या आजींचं नाव घेऊ नका, त्याही तिथेच राहतात. मागण्या नेमक्या ठेवा. चौकशी होईपर्यंत त्या व्यक्तीने आईचं अंघोळ-डायपरचं काम करू नये. नुसता मजला बदलून चालणार नाही, कारण वरच्या मजल्यावरही कुणाची तरी आई आहे. रोजच्या कामासाठी ठरलेली एक-दोनच माणसं असावीत. रात्री एका मावशीकडे किती जण असतात ते सांगावं. औषधांचा आढावा घ्यावा. सात दिवसांत लेखी उत्तर द्यावं. घरी आलात की त्याच रात्री 'आज असं असं बोलणं झालं' एवढी ईमेल टाका. तोंडी आश्वासनं पुढच्या महिन्यात कुणाला आठवत नाहीत.

इथे बहुतेक वेळा बिनसतं ते दोन कारणांनी. एक, घरचे मावशीला वरचे पैसे देऊन 'नीट बघा हं' म्हणतात. त्याने चांगली वागणूक विकत घ्यायची वस्तू होते आणि पैसे थांबले की आधीपेक्षा वाईट सुरू होतं. दोन, मावशीला त्याच दिवशी काढून टाकलं की सगळ्यांचं समाधान होतं आणि एजन्सी किंवा ब्युरोकडून तसंच, काही न शिकलेलं माणूस येतं. रात्रीचं मनुष्यबळ आणि डिमेन्शियाचं प्रशिक्षण यांवर बोलणं झालं नाही, तर सहा महिन्यांनी तीच तक्रार दुसऱ्या नावाने येते.

आता राग आईवर निघण्याची भीती. ती रास्त आहे, आणि म्हणूनच तक्रारीच्या दिवसापासून पुढचे तीन आठवडे रोज कुणी ना कुणी जायला हवं, वेळ बदलून. मुलं परदेशात, हे पुण्यात घरोघरी आहे. व्हिडिओ कॉल करताना फोन कोण धरतं? बहुधा तीच मावशी. त्या कॉलवर 'बरी आहेस ना?' विचारून काही कळणार नाही. भाचा, जुने शेजारी, आईच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या मैत्रिणी, कुणीही चालेल. आठवड्यातले दिवस वाटून द्या आणि त्यांची नावं सेंटरला लेखी कळवा, म्हणजे गेटवर अडवणार नाहीत. 'न्या तुमच्या आईला' असं म्हणतील, याची तयारी करारातून करा: नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट कधी परत, कुठल्या कारणाने काढता येतं. दुसरी एक जागा बघूनच बैठकीला जा. डिमेन्शियात जागा बदलली की गोंधळ वाढतो हे खरं, पण ते छळात ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही.

बाहेर दाद मागायची तर

१४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय एल्डरलाइन, सकाळी ८ ते रात्री ८, मोफत. मार्गदर्शन मिळतं, गरज पडली तर प्रत्यक्ष हस्तक्षेपही होतो. पुणे पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये ज्येष्ठांच्या तक्रारी घेतात. सेंटर पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत असेल तर तिथलं आयुक्तालय वेगळं आहे. तक्रारीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ चा उल्लेख करा. असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणं हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धमकीसाठी कलम ३५१, कोंडून ठेवण्यासाठी १२७. कोंडण्याचा प्रकार नसेल तर पोलीस बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतील. ती घ्या, नंबर जपा. पुढच्या प्रत्येक अर्जात तो उपयोगी पडतो.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याबद्दल गैरसमज फार आहे. त्यातलं प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून आणि वारसदार नातेवाइकांकडून निर्वाह मिळवण्यासाठी आहे. केअर सेंटरविरुद्धची तक्रार तिथे नेऊन महिने वाया जातात. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून घेतलं आणि मग आईला टाकून दिलं, अशी गोष्ट असेल तर मात्र त्याच कायद्याचं कलम २३ कामाला येतं. सेंटर ट्रस्टचं असेल तर धर्मादाय आयुक्त, सरकारी अनुदान घेत असेल तर समाजकल्याण, नर्सिंग होम म्हणून नोंदलेलं असेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग. नोंदणी कुठली आहे हे पावतीवर किंवा करारावर सापडतं. पैसे भरून घेतलेली सेवा आहे, म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे: घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

नंतरचे आठवडे

छळ थांबला की आई दुसऱ्या दिवशी बोलायला लागेल असं नाही. काही आठवडे दचकणं, रात्री जागणं, अंघोळीला नकार चालू राहतो. अशा वेळी झोपेच्या गोळीची घाई करू देऊ नका. रोज तीच मावशी, त्याच वेळा, अंघोळीआधी तेच वाक्य, हाताला आधी कोमट पाणी लागू देणं, यांनी फरक पडतो. तिच्या आवडीचं तेल, तिची गोधडी, सकाळी लागणारी भजनं, जे जे काढून घेतलं असेल ते परत आणा. तिच्या खाटेजवळ मोठ्या अक्षरांत एक कागद लावा: हाक काय मारायची, कुठल्या बाजूने नीट ऐकू येतं, चहात साखर किती, कशाने घाबरते, कशाने शांत होते. नवी येणारी मावशी कामाला हात लावण्याआधी तो वाचते का, हे पुढच्या भेटीत बघा.